ट्वेटांच्या तंबूसाठी हीटर

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. तळ्यावरचा बर्फ वीतभर जाड झाला होता. म्हणजे माणसं बिनघोर चालत होती, पण गाडी घालायची हिंमत अजून कुणी केली नव्हती. मी दुकानात एका बोटीचं आच्छादन शिवत बसलो होतो. उन्हाळ्यात बोटींची आच्छादनं शिवायची, हिवाळ्यात बर्फावरच्या मासेमारीचे तंबू दुरुस्त करायचे. शिवाय जिवंत आमिष, गळ, बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटांची पाती आणि एका भिंतीशी मांडलेले हीटर, असं सगळं मी विकतो. उत्तर मिनेसोटातल्या आमच्यासारख्या गावात एका धंद्यावर कुणाचं भागत नाही.

दार उघडून मिसेस ट्वेट आत आल्या. त्यांनी पायपुसण्यावर बूट आपटले, आणि चष्म्यावरची वाफ विरायची वाट बघत तिथंच उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचं खाल्लंय. त्यामुळे मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो तरी त्यांना नुसतं 'आर्डिस' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"ऑरिन, मला हीटर दाखव," त्या म्हणाल्या. "तंबूत ठेवायचा."

"ओडेलसाठी?"

"नाही, चर्चच्या घंटेला थंडी वाजतेय! ओडेलसाठीच."

मी सुई आच्छादनात टोचून ठेवली आणि उठलो.

ओडेल म्हणजे त्यांचा नवरा. उभा जन्म त्यानं जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी चालवली, आणि सुट्टी मिळाली की बर्फावरच जाऊन बसला. मागच्या फेब्रुवारीत एका दुपारी तो तंबूत एकटा होता. त्याचा शेजारी लायल तिथून चालला होता. त्यानं हाक मारली, उत्तर आलं नाही. तंबूची चेन ओढून आत बघतो तर ओडेल उलट्या बादलीवर बसलेला, डोकं तंबूच्या कापडाला टेकलेलं, चेहरा चांगला लालबुंद, आणि समोर हीटर मजेत जळतोय. लायलनं त्याला काखेत धरून बाहेर बर्फात ओढला. लायल गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे, म्हणून त्याला काय झालंय ते लगेच कळलं. दुसऱ्या कुणी 'झोपलाय बिचारा' म्हणून चेन लावून घेतली असती. जळणाचा विषारी वायू. वास नाही, रंग नाही. ओडेल तीन दिवस इस्पितळात ऑक्सिजनवर होता. वाचला. पण तेव्हापासून शब्द त्याच्या ओठापर्यंत येतात आणि परत जातात.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्याच्या आधीच्या वर्षी नोव्हेंबरात ओडेल तो तंबू घेऊन माझ्याकडे आला होता. "वरचे झरोके शिवून टाक," म्हणाला. "वारा मानेवर येतो. पडदे फडफडले की माझं लक्ष गळाच्या दोरीवरून उडतं." तंबूला चार झरोके, वरचे दोन्ही मी मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी टाके घालून बंद केले. खालून वारा येऊ नये म्हणून सगळीकडून वीतभर झालर लावून दिली, बर्फानं दाबून टाकायला. आणि तंबू त्याच्या हातात देताना म्हणालो, "घे. आता आत पाव भाजलास तरी चालेल."

तो विनोद मी फेब्रुवारीपासून मनातल्या मनात रोज एकदा तरी ऐकत होतो.

"उन्हाळाभर त्यानं विषय काढला नाही," मिसेस ट्वेट भिंतीशी उभ्या राहून सांगत होत्या. "मला वाटलं, सुटलं. ऑक्टोबर लागला आणि रोज सकाळी खिडकीशी उभा. आमचा म्हातारा कुत्रा दाराकडे बघायचा ना, तसा बघतो. मुलगी म्हणते, तंबू विकून टाक. मी म्हटलं, तंबू विकेन गं, बाप कुठं विकू? तेव्हा जाऊ दे त्याला. पण हीटर मी निवडणार. तू मला शहाणपण सांगू नकोस, माहिती सांग."

मी पहिला दाखवला. गॅसच्या सिलिंडरच्या डोक्यावर सरळ पिळून बसवायचा, तव्यासारखी जाळी लालभडक होते.

"हाच होता त्याच्याकडे."

"असाच. स्वस्त, हलका, लगेच तापतो. पण आडवा पडला तरी जळत राहतो."

"ह्याचा जाळ श्वास कुठून घेतो?"

तीस वर्षं मी हीटर विकतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "आतूनच," मी म्हणालो. "जी हवा माणसाची, तीच त्याची."

"आणि सोडतो कुठं?"

"तेही आतच."

"पुढचा."

दुसरा पेटीसारखा, वर मूठ असलेला. कलंडला तर विझतो. हवेतला ऑक्सिजन फार कमी झाला तरी आपला आपण विझतो. सध्या तळ्यावर निम्म्याहून जास्त तंबूंत हाच आहे. त्यांनी तो उचलून पाहिला, खाली ठेवला.

"म्हणजे ओडेल बेशुद्ध पडायच्या आधी हा विझेल?"

"हवा संपत आली तर विझेल. पण तो विषारी वायू मोजणं त्याचं काम नाही. त्याला वेगळी पेटी लागते, वायू वाढला की किंचाळणारी. आणि हवा खेळती हवी."

"पुढचा."

तिसरा डिझेलचा. हा तंबूच्या बाहेर बर्फावर ठेवायचा. जाळ बाहेरची हवा घेतो, धूर बाहेर सोडतो, आणि पंखा नुसती गरम हवा जाड नळीतून आत ढकलतो. त्याला बॅटरी लागते, वजन जास्त, किंमत दुसऱ्याच्या दीडपट, कडाक्याच्या थंडीत डिझेलही हिवाळी लागतं. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे चूल ओट्यावर आणि धुराडं अंगणात असं नाही. चूलच अंगणात."

"तसंच."

"ओडेलला कुठला आवडेल?"

"दुसरा. हलका आहे, आवाज नाही."

त्यांनी दुसऱ्याची मूठ परत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "तंबूला झरोके चांगले चार आहेत. घेतला तेव्हा मी मोजले होते. मग ह्या दुसऱ्यावर भागेल असं तुझं मत?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. घरी जाताना त्या हीटर घेऊन गेल्या असत्या, मी एखाद्या रात्री ओडेलच्या गॅरेजमध्ये शिरून टाके उसवून आलो असतो. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, खोटं कशाला बोलू.

"मिसेस ट्वेट," मी म्हणालो, "चार नाहीत. दोनच आहेत. वरचे दोन मी शिवून टाकले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झालरीचंही सांगितलं. पावाचंही सांगितलं.

"कुणी सांगितलं होतं शिवायला?"

"ओडेलनं. पण सुई माझी होती. हीटर मी विकतो, झरोके कशासाठी असतात ते मला कळत होतं."

"फेब्रुवारीत तू आमच्याकडे आला होतास," त्या सावकाश म्हणाल्या. "खिमा-बटाट्याचं भांडं घेऊन. माझ्या टेबलाशी बसून कॉफी प्यायलास."

"हो."

"तेव्हा बोलला नाहीस."

"नाही."

त्यांनी हातमोजे काढून ठेवले होते, ते परत चढवले. एकेक बोट नीट बसवलं. हाताखालून गेलेल्या मुलांवर त्या कधी ओरडल्या नव्हत्या, माझ्यावरही ओरडल्या नाहीत. दार लावून घेऊन निघून गेल्या.

पुढचे चार दिवस मी दुकान उघडलं, बंद केलं, मधे काय केलं आठवत नाही. लायल आमिष घ्यायला आला तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं आमिषाचे बारा मासे मोजून पिशवीत घालून घेतले. मग म्हणाला, "मी त्याला ओढून काढला तेव्हा वर बघितलं होतं. टाके दिसले होते मला. तुझ्याशिवाय इतके सरळ टाके इथं कोण घालतं?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होतो," लायल म्हणाला. "फार वेळ लावलास, गड्या."

शनिवारी सकाळी दुकानासमोर ट्वेटांची गाडी थांबली. मिसेस ट्वेट उतरल्या, पाठोपाठ ओडेल. दोघांनी मिळून गुंडाळलेला तंबू आत आणला आणि माझ्या कापायच्या टेबलावर टाकला.

"उसव," त्या म्हणाल्या.

मी टाके उसवायचं हत्यार घेतलं आणि कामाला लागलो. दुहेरी टाके, मेणाचा दोरा, निघता निघेना. ओडेल स्टुलावर बसून बघत होता. वाळला होता. टोपीखाली कान पूर्वीपेक्षा मोठे वाटत होते.

"ह्याला बोलू नकोस, आर्डिस," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं. हा नको म्हणाला असता तर मी घरी स्वतः शिवलं असतं. त्या... त्या... मासे बांधायच्या त्यानं."

"दोरीनं."

"दोरीनं."

"मी दोघांनाही बोलणार आहे," मिसेस ट्वेट म्हणाल्या. "माझ्याकडे पुरेसं आहे, वाटून देईन. ऑरिन, झालर पण काढ. आणि तो दुसरा आणि तिसरा, दोन्ही हीटर गाडीत ठेव. भाकरी भाजून बघितल्याशिवाय मी कधी तवा घेतला नाही."

लायलही आला. अग्निशमन दलातलं वायू मोजायचं यंत्र त्यानं मागून आणलं होतं. मोबाइलएवढं, त्यावर आकडा दिसायचा: शून्य म्हणजे हवा चांगली, पस्तीसला यंत्र ओरडणार. दुकानाला कुलूप लावून आम्ही चौघं तळ्यावर गेलो. ऊन स्वच्छ होतं, पण थंडी उणे वीसच्या आसपास, नाकातले केस कडक व्हावेत अशी. किनाऱ्यापासून पाचशे पावलांवर तंबू उभा केला. मी गिरमिटानं आत दोन भोकं पाडली. मिसेस ट्वेट लग्नाला पन्नास वर्षं होऊनही पहिल्यांदाच बर्फावर आल्या होत्या. भोकात वाकून त्यांनी काळं पाणी पाहिलं आणि सरळ झाल्या.

"एवढंच? ह्याच्यासाठी पन्नास वर्षं तू रविवारी प्रार्थना बुडवलीस?"

"खाली बघायचं नसतं," ओडेल म्हणाला. "बसायचं असतं."

आधी पेटीवाला हीटर लावला. लायल बाहेर स्वतःसाठी भोकं पाडायला थांबला, आम्ही तिघं आत. चारी झरोके उघडे होते. यंत्र मिसेस ट्वेटांनी मांडीवर ठेवलं. दहा मिनिटांत हातमोजे निघाले, वीस मिनिटांत कोटांची बटणं. आकडा शून्य, कधी एक, परत शून्य. ओडेलनं दोरी भोकात सोडली. त्यानं आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघा, उगाच घाबरत होतात. छतावर वाफेचे थेंब जमायला लागले होते. एक थेंब मिसेस ट्वेटांच्या चष्म्यावर पडला, तो त्यांनी पुसला.

थोड्या वेळानं वारा सुटला. वरच्या झरोक्याचा पडदा फडफडायला लागला. ओडेलनं डोळे दोरीवरून न हलवता हात वर केला आणि पडदा त्याच्याच चिकटपट्टीनं लावून टाकला. मग दुसरा लावला. खालचे दोन तर उडणाऱ्या बर्फानं केव्हाच निम्मे बुजले होते. हे त्यानं इतकं सहज केलं, की केल्याचं त्याला कळलंही नसावं. मी तोंड उघडणार, तोच मिसेस ट्वेटांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी यंत्र मांडीवरून उचललं आणि ओडेलच्या समोर, त्याच्या डब्यावर उभं करून ठेवलं.

आकडा चार झाला. काही वेळानं अकरा. ओडेलचं लक्ष दोरीवर होतं. एकोणीस. आकडा सव्वीसवर गेला तेव्हा ओडेलची नजर तिकडे गेली. त्यानं आकड्याकडे पाहिलं, मग वर पडद्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

तो उठला. दोन्ही पडदे त्यानं ओढून उघडले, हीटर विझवला आणि दाराची चेन खालपर्यंत खेचली. थंड हवा अंगावर आली.

"तेव्हाही मला असंच काही कळलं नव्हतं," तो बसत म्हणाला. "सगळ्यांना वाटतं मी गुदमरलो असेन. गुदमरलो नाही. छान वाटत होतं. आई लहानपणी चुलीपुढं बसवायची तसं. मग वाटलं, काहीतरी चुकतंय, तुला हाक मारावी, आर्डिस. तर तुझं नाव आठवेना. मी ते शोधत होतो. शोधता शोधता..." त्यानं हात हवेत उडवला.

हे तो दहा महिन्यांत पहिल्यांदाच बोलत होता. मी भोकाकडे बघत राहिलो. बाहेर लायलचं गिरमिट थांबलं होतं.

"आर्डिस जोसेफीन," मिसेस ट्वेट म्हणाल्या. "परत विसरलास तर नुसतं 'अगं' म्हण. मी येईन."

त्यांनी थर्मासमधून त्याला कॉफी ओतून दिली, मला दिली, लायललाही बाहेर नेऊन दिली. लोणी-साखर लावलेल्या बटाट्याच्या पोळ्या डब्यातून काढल्या. आम्ही तिथं उघड्या दाराशी बसून, नाक लाल करून, सगळ्या खाल्ल्या.

मग डिझेलवाला लावला. लायलनं तो तंबूपासून चार पावलांवर फळीवर ठेवला, धुराची नळी वारा धूर तंबूपासून दूर नेईल अशी वळवली, गरम हवेची नळी दाराच्या कोपऱ्यातून आत घेतली. सुरू व्हायला पाच-सात मिनिटं गेली. मग नळीतून कोरडी, गरम हवा यायला लागली. छतावरचे थेंब वाळून गेले. आकडा शून्यावर जो बसला तो हलला नाही. ओडेलनं मुद्दाम वरचा एक पडदा लावून पाहिला. तरी शून्य.

"हा घोरतो," ओडेल कान देऊन म्हणाला. पंख्याची घरघर खरंच होती. "मासे पळतील."

"तूही घोरतोस. पन्नास वर्षं शेजारी झोपतेय, मी पळाले का?"

बाहेरून लायल हसला. ओडेलही हसला, पण हट्ट सोडेना. "जड आहे. बॅटरी वेगळी. मला एकट्याला ओढायचा नाही."

"एकट्यानं जायचंच नाहीये," त्या म्हणाल्या. "मी येणार. इथं बसून विणता येतं का ते बघते. उजेड चांगला आहे."

ओडेलनं माझ्याकडे पाहिलं. बर्फावर बायकोला घेऊन बसणं म्हणजे काय, ते मला समजेल अशी त्याची अपेक्षा असावी. मी नजर दोरीवर ठेवली. त्याच वेळी दोरीला हिसका बसला. ओडेलचं लक्ष नव्हतं, मिसेस ट्वेटांनी पाहिलं आणि सरळ हातानंच दोरी धरली. "आता काय करू?" म्हणून ओरडल्या. "ओढ! सावकाश! सैल सोडू नकोस!" ओडेल एका दमात सगळं बोलला, एकही शब्द अडला नाही. दीड हाताचा वॉलआय मासा भोकातून वर आला आणि त्यांच्या बुटांवर आपटला. त्या जागच्या हलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "बरं, ह्याच्यासाठी दोन-तीन रविवार माफ."

डिझेलवाला हीटर मी असाच देऊन टाकतो म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. "फुकट घेतला तर तू केलेलं एका दिवसात विसरशील," म्हणाल्या. दुकानात परत येऊन त्यांनी पूर्ण किंमत दिली आणि किंचाळणारी पेटीही घेतली. मग गल्ल्याच्या टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी तुला अजून माफ केलेलं नाही, ऑरिन."

"माहीत आहे."

"करीन बहुतेक. घाई करू नकोस."

"नाही करत."

त्या हिवाळ्यात दोघं मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता तळ्यावर दिसायचे. सकाळी दहाला जायचे, तीनच्या आत परत. ओडेल घसरगाडी ओढायचा, त्या मागून ढकलायच्या आणि सूचना द्यायच्या. त्यांनी एक लांबलचक निळा स्वेटर विणला. तो लायलला मिळाला, आणि बाह्या गुडघ्यापर्यंत येतात अशी तक्रार त्यानं सगळ्या गावात केली. ओडेलचे शब्द काही परत आले, काही नाही आले. डॉक्टर म्हणाले, इतकंच व्हायचं होतं.

माझ्याकडे जानेवारीत तीन माणसं झरोके शिवून घ्यायला तंबू घेऊन आली. तिघांनाही मी नाही म्हटलं, का ते सांगितलं, माझं आणि ओडेलचं नाव घेऊन सांगितलं. ओडेलला विचारूनच. एक जण रागावून दुसऱ्या गावी गेला. दोघं बसून पूर्ण ऐकून गेले आणि एकानं जाताना किंचाळणारी पेटी विकत घेतली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटा बसलो होतो. मिसेस ट्वेट आपली बशी घेऊन आल्या, माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या, आणि बर्फ अजून किती टिकेल, शुक्रवारपर्यंत जाता येईल का, असं विचारायला लागल्या. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत जाता येईल, पण किनाऱ्याजवळ फळी टाकावी लागेल.

"मग तू ये फळी घेऊन," त्या म्हणाल्या. "दहा वाजता. आणि डबा आणू नकोस, मी करते."